डाव्या हाताचा अंगठा

६ जानेवारी

टिंगू,

पाकिटावरचा पत्ता बाबांच्या अक्षरात आहे. माझं अक्षर ओळखून तू ते उघडलं नसतंस, म्हणून त्यांच्याकडून लिहून घेतला. ही लबाडी आधीच सांगून टाकते. मागायचं काही नाही, नुसतं कळवायचंय.

आमचं बरं चाललंय. जिना चढताना बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमीच. मी अजून कामाला जाते. साठीला दोन वर्षं उरलीत. मालक काढत नाहीत आणि मी सोडत नाही. तेच काम, कवळ्या करायचं. समोर ओळीने लोकांचे जबडे मांडलेले असतात आणि एकही बोलत नाही. इतकं शांत काम दुसरं नसेल.

तर बातमी अशी, की मी व्हायोलिन काढलं. चौदा वर्षांनी. कपाटावरून पेटी उतरवताना बाबा खुर्ची धरून उभे होते. "आता हे काय?" एवढंच म्हणाले. उघडून बघते तर गजाचे केस किड्यांनी खाल्लेले, तारांखालची लाकडी घोडी आडवी पडलेली, दोन तारा तुटून वेटोळं झालेल्या. दुरुस्तीवाल्याकडे नेलं. म्हातारा गृहस्थ. त्याने आत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "वाजवत का नव्हता?" मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. "किती वर्षं?" "चौदा." तो म्हणाला, "मग वेळेचं कारण नाही हे." पुढे काही विचारलं नाही, तेवढं बरं केलं.

शिकवणी लावली आहे. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एक बाई शिकवतात. बाई म्हणायच्या एवढंच, वयाने तुझ्याहून तीन वर्षांनी लहान. ती मला काकू म्हणते, मी तिला बाई म्हणते. पहिल्या दिवशी म्हणाली, "काकू, येतं ते वाजवा." मला सगळ्यात बरी यायची ती संथ धून मी वाजवली. सूर इकडेतिकडे झाले, पण ओळखू येण्यासारखी झाली. वाटलं, एवढ्या वर्षांनी वाजवलं तर दोन शब्द बरे बोलेल. पण तिचं ऐकण्याकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

"काकू, अंगठा दुखत नाही?"

"नाही."

"कधीच नाही दुखला?"

"कधीच नाही."

दुखायचा. कपडे पिळताना मनगटापर्यंत कळ जायची. मग मी उजव्या हाताने जोर लावायचे. तिच्याशी खोटं का बोलले, कोण जाणे.

हे तुला कशाला सांगते, असं तुला वाटेल. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि व्हायोलिनचं बोलायला या घरात दुसरं आहे कोण.

आई


२८ जानेवारी

टिंगू,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती असं लिहिणार होते, पण टपालाची पेटी दिवसातून दोनदा उघडते, तेव्हा ते खरं नाही. रविवारच्या फोनवर बाबांनी तुला विचारलं. "पत्र मिळालं म्हणाली," एवढं येऊन सांगितलं. मी म्हटलं, मग? "मग मी विचारलं, आमच्याकडे उद्या पाऊस आहे का? तर म्हणाली, बाबा, खिडकीतून बघा." मुलगी हवामान खात्यात असून आमची छत्री कायम चुकीच्या दिवशी घरी राहते, असं ते शेजारीपाजारी अभिमानाने सांगतात.

तीन आठवडे झाले आणि मी एक धून वाजवलेली नाही. मोकळ्या तारा फक्त. आरशासमोर उभं राहायचं आणि गज सरळ जातोय का ते बघायचं. त्यानंतर गज खाली ठेवून नुसता डावा हात. बाईचं म्हणणं असं, की व्हायोलिन हनुवटी आणि खांदा यांवर राहतं, हाताने धरून ठेवायचं नसतं. अंगठ्याने नुसतं शेजारी टेकून उभं राहायचं. मी मात्र व्हायोलिनची मान आवळून धरते. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत.

तिला सांगितलं, की मी आठ वर्षांची असताना मामांनी मोठ्या माणसांचं व्हायोलिन हातात दिलं होतं. ते माझ्या खांद्यावर राहायचंच नाही. "पडलं तर पुन्हा हात लावायचा नाही," असं मामांनी बजावलं होतं. म्हणून मी घट्ट धरलं. पडू दिलं नाही, एकदाही नाही. हे मी तिला जरा तोऱ्यातच सांगितलं.

ती म्हणाली, "काकू, आता पडू दे. मी खाली हात धरते."

तिने अंगठा हवेत सोडायला लावला. चार बोटं तारांवर आणि अंगठा कुठेच टेकलेला नाही. व्हायोलिन थरथरायला लागलं. व्हायोलिन कसलं, मीच. मी चिडले. म्हटलं, अगं, पस्तीस वर्षं वाजवलंय मी. ती शांतपणे म्हणाली, "तेच तर अवघड आहे ना, काकू. नव्या माणसाला फक्त शिकायचं असतं. तुमचा हात चुकीचं शिकलाय, पण अगदी मन लावून शिकलाय."

अंगठा सोडला की सूर असा काही निघतो, की विचारू नकोस. खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात बाबांना विचारलं, "नात आलीय वाटतं शिकायला?" बाबा म्हणाले, "नाही, आजीच आहे."

हसू आलं ना? मलाही आलं होतं. मग स्वयंपाकघरात जाऊन जरा उभी राहिले.

एकदा कळलं म्हणजे सगळीकडे दिसायला लागतं. दात घासायचा ब्रश मी आवळून धरते. किल्ली, जिन्याचा कठडा, भाजीची पिशवी, सगळं. कामावर शेजारच्या टेबलावर बसते ती म्हणाली, "ताई, मेण कापायचा चाकू आहे तो, पळून जाणार नाही." इतकी वर्षं तिला ते दिसत होतं, म्हणे. बोलली नव्हती इतकंच.

हे पत्र माझ्या हाताबद्दल आहे. दुसऱ्या कुणाच्या हाताबद्दल नाही. तसा अर्थ काढू नकोस.

आई


१९ फेब्रुवारी

टिंगू,

काही मागायचं नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं.

डिसेंबरात फोन ठेवल्यावर बाबांच्या तोंडून निघून गेलं, की तुझ्या छोटीला व्हायोलिन हवंय. शाळेत कुणीतरी वाजवून दाखवलं आणि तेव्हापासून तिने घर डोक्यावर घेतलंय. बोलून गेल्यावर बाबांनी जीभ चावली. मी काही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी पेटी खाली काढली.

मी असा विचार केला, की आपला हात आधी नीट करावा. अगदी पहिल्यापासून, जसं शिकवायला हवं तसं शिकून घ्यावं. मग तुला कळवावं, की बघ, आता मला येतं. आता मी तिला चुकीचं शिकवणार नाही. आठवड्यातून एकदा येईन, तू खोलीत बसून राहा, मधे थांबवलंस तरी चालेल. शिकवणंही नको असेल तर बाई सांगते ते मी येऊन तुला सांगेन, तू तिला सांग. असं बरंच काही मनात जुळवलं होतं.

त्या दिवसाचं मी विसरले नाही. छोटी बारा दिवसांची होती. तू पलंगावर बसून होतीस आणि ती माझ्या मांडीवर. तिची मूठ उघडून मी बोटं पाहिली आणि म्हणाले, "बोटं लांब आहेत गं, व्हायोलिनची आहेत." तू उठलीस, तिला माझ्या मांडीवरून उचललंस आणि जावयांना म्हणालीस, "आईला उद्या सकाळच्या गाडीत बसवून ये." मी पंधरा दिवसांचे कपडे घेऊन आले होते. मला वाटलं, बाळंतपणाचा थकवा आहे, निवळेल. साडेपाच वर्षं झाली.

मी कौतुक म्हणून बोलले होते, टिंगू. खरंच कौतुक म्हणून. एवढं एक वाक्य, त्याची एवढी शिक्षा, असं मी बाबांना कितीदा म्हटलं. ते पेपर उलटतात.

बाईने काल विचारलं, "काकू, तुम्ही कुणाला शिकवलंय का कधी?" मी म्हटलं, "नाही."

तुझं लहानपणीचं छोटं व्हायोलिन मी त्या म्हाताऱ्याकडून नीट करून घेतलंय. नव्या तारा, गजाला नवे केस, खांद्याखाली लावायची गादीसुद्धा. तुझ्या वेळी गादी नव्हती. उद्या पार्सल करते. छोटीला नुसतं हाताळू दे, कुणाचं आहे ते सांगू नकोस.

आई


११ मार्च

टिंगू,

पार्सल परत आलं. दोरीची गाठ मी मारली होती तशीच होती. वरच्या कागदावर तुझ्या अक्षरात "परत" लिहिलेलं. एवढा एक शब्द. बाबांनी ते दारातच घेतलं आणि माझ्या नजरेला पडू नये म्हणून पलंगाखाली सरकवलं, पण त्या गुडघ्याने वाकणं म्हणजे सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं.

रविवारी फोनवर तुझं बोलणं मला ऐकू आलं. बाबा फोन कानापासून लांब धरतात, हे तुला माहीत आहे. "तिला सांगा, माझ्या मुलीच्या हाताला तिने हात लावायचा नाही." तू आरडाओरडा केला नाहीस. आवाज चढवला असतास तर मला काहीतरी उलटं बोलता आलं असतं.

तरी मंगळवारी शिकवणीला गेले. का गेले सांगता येत नाही. घरी बसलं की पलंगाखालचं पार्सल दिसायचं, म्हणून असेल.

बाई म्हणाली, आज तुमचा हात तुम्हालाच दाखवते. आरशात बाजूने दिसत नाही म्हणून तिने मोबाइलवर चित्रण केलं. मागून, अंगठ्याच्या बाजूने. मी सात-आठ सूर वाजवले. मला वाटत होतं, की आता बराच मोकळा झालाय. दोन महिने रोज सकाळी कामाला जायच्या आधी तासभर उभी राहतेय मी.

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. चेहरा दिसत नव्हता, नुसता हात. अंगठा सांध्यात उलटा वाकलेला, मनगट व्हायोलिनच्या मानेला चिकटलेलं, आणि करंगळी ताठ होऊन वर उभी.

तो माझा हात नव्हता, टिंगू. सुरकुत्या माझ्या होत्या, पण हात तुझा होता. तू अकरा वर्षांची असताना खिडकीपाशी उभी राहून वाजवायचीस तेव्हाची ती करंगळी. किती वेळा मी तिच्यावर चापट मारली असेल. "खाली घे, खाली घे." मला वाटायचं, तो तुझा हट्टीपणा आहे. अंगठा आवळला की करंगळी वर जातेच, बाई म्हणाली. तिला दुसरीकडे जायला जागाच नसते. करंगळीची चूक नसते.

"काय झालं, काकू?" ती विचारत होती.

मी गज पेटीत ठेवला, गजाला लावायच्या राळेची डबी तिथेच विसरले आणि जिना उतरले. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता. त्याने विचारलं, बरं वाटत नाही का, बसता का? मी त्याच्या स्टुलावर बसले. त्याने पाणी दिलं. चांगला माणूस. मी त्याला सांगितलं, की माझी मुलगी फार छान वाजवायची. तो म्हणाला, "वा. आता कुठे असते?" मी म्हटलं, लांब.

पहिल्या पत्रात तुला विचारायला हवं होतं ते अजून विचारलेलं नाही. तुझा हात कसा आहे?

आई


३० मार्च

टिंगू,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. बाबांना वाचून दाखवणार होते, पण आधी तुला कळायला हवं. इतकी वर्षं ते त्यांनाही माहीत नाही.

तू अकरा वर्षांची असताना परीक्षा झाली, ती आठवते का? लांबलचक दिवाणखान्यासारखी खोली होती, बाहेर बाकावर सगळे पालक. तू वाजवून आलीस आणि पाणी प्यायला गेलीस. तेवढ्यात परीक्षकांनी मला आत बोलावलं. उंच, बारीक, हळू बोलणारे गृहस्थ. मला वाटलं, कौतुक करायला बोलावलं.

ते म्हणाले, "मुलीचा कान फार चांगला आहे. पण डावा हात बघा. तीन महिने वाजवणं पूर्ण बंद करा आणि मग दुसऱ्या कुणाकडून पहिल्यापासून शिकवा. हा अंगठा असाच राहिला तर तिचा हात विशीच्या पुढे टिकणार नाही." मग त्यांनी विचारलं, "कोण शिकवतं तिला?"

मी म्हटलं, "आहेत एक बाई."

बाहेर आले. तू बाकावर पाय हलवत बसली होतीस. "काय म्हणाले?" असं विचारलंस. मी म्हणाले, "छान म्हणाले. आणखी मेहनत हवी म्हणाले." आणि दुसऱ्या दिवसापासून तुझा सराव एक तासाने वाढवला.

का, याचं उत्तर शोधायला मला इतकी वर्षं लागायला नको होती. ते तेव्हाही मला माहीत होतं. तुला दुसऱ्याकडे पाठवायचं म्हणजे मला येत नाही हे कबूल करायचं. मी कधी स्टेजवर गेले नाही, कुणी मला बोलावलं नाही, दिवसभर लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि घरी आल्यावर एक तू होतीस. तू वाजवायला लागलीस की बिल्डिंगमधले लोक म्हणायचे, आईनं शिकवलं बरं. ते मला सोडवेना. मनात म्हटलं, त्या परीक्षकाला काय कळतं, माझा हात कुठे गेलाय? आणि माझा तर दुखत होता.

पुढचं तुला माहीत आहे, पण तेही मीच लिहायला हवं. एकोणिसाव्या वर्षी संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या तीन आठवडे आधी तुला गजरा माळायला, केस बांधायला अंगठा उचलेना. डॉक्टरांनी हात पट्टीत घातला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं?" तू शेजारी बसली होतीस. मी म्हणाले, "नाही हो." परत येताना रस्त्यात तू रडत होतीस आणि मी तुला म्हणाले, "सरावात लक्ष नसलं की असंच होतं."

हे वाक्य मी बोलले. हे तुला आठवत असणार.

शनिवारी बाईकडे परत गेले. राळेची डबी तिने कपाटात जपून ठेवली होती. मी तिला म्हटलं, मागे तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले, मी शिकवलंय. मग सगळं सांगितलं. तिने डबी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "किती वर्षांची होती ती तेव्हा?"

"अकरा."

"अकराव्या वर्षी सहा महिन्यांत सुटलं असतं, काकू."

बोलल्यावर तिला वाईट वाटलं असावं. उठून तिने खिडकी लावली, पुन्हा उघडली. मी म्हटलं, असू दे, खरं तेच सांगितलंस. मी विचारलं, आणि माझा? ती म्हणाली, "तुमचा थोडा मोकळा होईल. पूर्ण नाही होणार. खोटं कशाला सांगू?"

माफ कर असं लिहिणार नाही. लिहिलं तर तुला त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

आई


२२ एप्रिल

टिंगू,

तुझं पत्र आलं. पेटीत बिलाच्या कागदांखाली होतं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग बाबांना दिलं. तुझ्या परवानगीशिवाय दिलं, कारण माझं पत्र त्यांना आधी सांगून झालं होतं. ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "मला तेव्हा सांगितलं असतंस तर मी तिला घेऊन गेलो असतो." गेले असते. मला माहीत आहे, गेले असते. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, चहा टाकू का? चाळीस वर्षांत कधी टाकला नव्हता.

तू लिहितेस, की छोटी व्हायोलिन दोन आठवड्यांतच विसरली. आता तिला चाकांचे बूट हवेत. मी ती ओळ वाचली आणि सकाळी सकाळी आरशासमोर उभी असलेली मीच मला दिसले. बरं झालं. खरंच बरं झालं. तिच्या मागे लागू नका कुणी.

तू लिहितेस, की हात अजून दुखतो. हवा बदलली की जास्त, त्यामुळे ऑफिसातले लोक तुला चेष्टेने विचारतात, आज अंगठा काय म्हणतो? त्यांना माहीत नाही, असं तू पुढे लिहिलंयस. बाटलीचं झाकण उघडायला जावई लागतात. हे मी विचारलं म्हणून तू सांगितलंस, नाहीतर सांगितलं नसतंस. विचारायला मी चौदा वर्षं लावली.

आणि तू लिहितेस, की परीक्षक तुला आठवत नाहीत. परीक्षाही नीट आठवत नाही. डॉक्टर, रस्त्यातलं माझं बोलणं, तेही अंधुकच. मी जे उगाळत बसले होते, त्यातलं बहुतेक तुझ्याकडे नाहीच. तुझ्याकडे दुसरंच आहे.

ते मी इथे पुन्हा उतरवून काढते. तू पंधरा वर्षांची होतीस. शनिवारची सकाळ. तू वाजवता वाजवता थांबलीस आणि म्हणालीस, "आई, अंगठा फार दुखतोय." मी स्वयंपाकघरातून आले, ओले हात पुसले आणि तुझा डावा हात माझ्या हातात घेतला. तुला वाटलं, आता आई चोळून देईल. मी तुझी बोटं एकेक करून तारेवर बसवली, अंगठा मानेला दाबला आणि म्हणाले, "आता वाजव." मग आत गेले.

एवढंच. त्यानंतर दुखतंय असं तू मला कधी सांगितलं नाहीस.

आठवडाभर मी ती सकाळ शोधतेय. तेव्हाचं घर डोळ्यासमोर आणते, ती खिडकी, ते टेबल, तुझा निळा फ्रॉक की सलवार, काय घातलं असशील. माझ्या हातात काय होतं, भांडं होतं की फडकं. काही येत नाही. अशा सकाळी शेकड्यांनी झाल्या असतील, म्हणून ही वेगळी निघत नाही. मला ते काहीच वाटलं नसणार. तुझी बोटं नीट लावली आणि आत गेले, यात लक्षात ठेवण्यासारखं मला काय वाटलं असेल?

बाबा म्हणाले, "आठवतं म्हणून लिही. तिला बरं वाटेल." मी नाही म्हटलं. 'छान म्हणाले' असं तिला एकदा सांगून झालंय, आणखी तसलं नको.

बाईकडे अजून जाते. तिने लहान मुलांना देतात तशी चार ओळींची धून दिली आहे. दोन ओळी अंगठा नुसता टेकलेला राहतो. तिसऱ्या ओळीत कधीतरी तो आवळतो, आणि कधी आवळला ते मला कळत नाही. नख पांढरं दिसलं की कळतं. मग थांबायचं, हात खाली सोडायचा आणि पहिल्यापासून. चौथी ओळ अजून वाजवलेली नाही. कशासाठी जाते, ते आता सांगता येत नाही. छोटीसाठी तर नाहीच. तुझ्यासाठी म्हणावं, तर तुला त्याचा उपयोग नाही.

शेवटी तू लिहिलंयस, की आता पत्रं पाठवू नकोस, वाचली की दोन-तीन दिवस वाईट जातात. पाठवणार नाही. पत्ताही बाबांकडून लिहून घेणार नाही. हे एक तेवढं वाच, कारण तू सांगितलेल्याला उत्तर द्यायचं राहिलंय.

मला ती सकाळ आठवत नाही, टिंगू. पण तू सांगतेस, म्हणजे ती झाली. तू दुखतंय म्हणालीस, मी तुझा हात हातात घेतला, आणि चोळला नाही.

आई